वैयक्तिक छायाचित्र-प्रकल्पाची उद्दिष्टे कशी लिहावीत? (निमित्त : दुरुस्त केलेल्या वस्तू)

कोरी चौकट (धागालेखिका)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी हौस म्हणून छायाचित्रण करते आहे. सुटी छायाचित्रे बरी येतात असे पाहणारे सांगतात. मात्र ती एकत्र मांडली की त्यांचे आपसांत काहीच नाते दिसत नाही. ते नाते निर्माण व्हावे म्हणून मागे मी वर्षभर रोज एक छायाचित्र काढण्याचा उपक्रम हाती घेतला होता आणि तो ७१व्या दिवशी सोडून दिला. तेव्हा इतरांना मी कामाचा ताण हे कारण सांगितले. खरे कारण असे की साठाव्या दिवसापासून मी रात्री साडेअकराला टेबलावरच्या चमच्याचे छायाचित्र काढून त्या दिवसाचा रकाना भरू लागले होते आणि त्या चमच्याशी माझे काहीही देणेघेणे नव्हते.

आता एक विषय मात्र मनात घर करून बसला आहे : दुरुस्त केलेल्या वस्तू. चिकटवलेला कप, रफू केलेला सदरा, दांडीला तार गुंडाळलेला चष्मा, तीन पाय जुन्या आणि एक पाय नव्या लाकडाचा असलेली खुर्ची. या वेळी काम मध्येच सुटू नये म्हणून आधी उद्दिष्टे लिहून काढली. दर आठवड्याला पाच छायाचित्रे काढायची. प्रकाशयोजना नीट शिकून घ्यायची. वर्षअखेरीस प्रदर्शन भरवायचे. आणि या सगळ्यातून स्वतःची शैली शोधायची. ही उद्दिष्टे योग्य आहेत का, आणि नसल्यास ती कशी लिहावीत, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

तिपाई

तुमच्या यादीत 'दुरुस्त केलेल्या वस्तू' या शब्दांऐवजी 'मांजरे' हा शब्द घालून पाहा. चारही उद्दिष्टे एका अक्षराचाही बदल न करता तशीच्या तशी उभी राहतात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे : विषय बदलला तरी जे उद्दिष्ट अबाधित राहते, ते त्या प्रकल्पाचे सर्जनशील उद्दिष्ट नव्हे.

आता एकेक पाहू. आठवड्याला पाच छायाचित्रे हा सराव आहे. तो चांगलाच आहे, पण त्याची जागा दिनदर्शिकेत. प्रकाशयोजना शिकणे हे कौशल्य आहे, आणि कोणता प्रकाश शिकायचा हे जोवर विषय सांगत नाही तोवर ते शिकणे अधांतरी राहते. प्रदर्शन हे फळ आहे आणि ते बऱ्याच अंशी इतरांच्या होकारावर अवलंबून आहे. शैलीबद्दल तर मी इतकेच म्हणेन की ती आपल्याला स्वतःला शेवटी आणि इतरांना आधी दिसते. तिला शोधायला निघालेला माणूस बहुधा कुणाची तरी उसनी शैली घेऊन परत येतो.

या चौघांपैकी एकही टाकून देण्यासारखे नाही, फक्त त्यांना उद्दिष्ट म्हणू नका. उद्दिष्टाच्या जागी एक प्रश्न लिहा, असा प्रश्न की ज्याचे उत्तर तुम्हाला आज ठाऊक नाही आणि जे छायाचित्रे काढल्याशिवाय मिळणारही नाही.

निगेटिव्ह

तिपाई यांची मांजराची कसोटी चतुर आहे, पण तिच्यामागचे गृहीतकच मला मान्य नाही. आधी उद्दिष्ट आणि मग छायाचित्र हा क्रम कचेरीतल्या कामाचा झाला. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ मध्ये गुगेनहाइम पाठ्यवृत्ती मिळाल्यावर अमेरिकेतून मोटारीने प्रवास केला, फिल्मचे ७६७ रोल वापरले, सुमारे २७,००० चौकटी टिपल्या आणि त्यातून पुढे ८३ छायाचित्रांचे पुस्तक झाले. एवढ्या चौकटी कागदावरच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून निघत नाहीत. त्या भटकण्यातून निघतात. धागालेखिकेने वर्षभर दिसेल ती दुरुस्त वस्तू टिपावी आणि वर्षाच्या शेवटी काय जमले आहे ते पाहावे. प्रश्न असेल तर तो तिथेच सापडेल.

रोजच्या चमच्याबद्दल मात्र पूर्ण सहानुभूती आहे. माझ्याकडे दाराच्या मुठीची एकोणीस छायाचित्रे आहेत.

जुळारी

निगेटिव्ह यांनी दिलेले उदाहरण त्यांच्याच विरुद्ध बाजूने बोलते असे मला वाटते. माझे काम पुस्तकांची मांडणी करण्याचे आहे, त्यामुळे मी या गोष्टीकडे छायाचित्र काढून झाल्यानंतरच्या टोकाकडून पाहतो. फ्रँक यांनी त्या २७,००० चौकटींतून हजाराहून अधिक कामचलाऊ प्रती छापल्या, त्या भिंतीवर आणि जमिनीवर मांडून गटागटाने पाहिल्या आणि मग संख्या ८३ वर आणली. पुस्तकात राष्ट्रध्वजाचे छायाचित्र पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी नवा भाग सुरू झाल्याची खूण करते. म्हणजे भटकंती मोकळी असली तरी निवड अतिशय कठोर होती, आणि कठोर निवड करायची तर निकष लागतोच. तो निकष प्रवासाला निघताना हातात होता की प्रती जमिनीवर पसरल्यावर हाती आला, एवढाच वाद उरतो.

मोकळेपणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांना १९५५ मध्ये पिट्सबर्ग शहरावरच्या एका पुस्तकासाठी सुमारे शंभर छायाचित्रांचे, तीन आठवड्यांत संपेल असे काम मिळाले होते. ते त्या शहरात महिनोन्‌महिने राहिले, पुढे पुन्हा गेले, हजारो निगेटिव्ह जमवल्या आणि त्यातून अंतिम म्हणून वेगळ्या काढलेल्या छायाचित्रांची संख्याच दोन हजारांच्या घरात गेली. शेवटी १९५९ मध्ये ८८ छायाचित्रे एका वार्षिक अंकात छापून आली आणि ती मांडणी स्मिथ यांना स्वतःलाच फसलेली वाटत राहिली. स्मिथ यांच्याइतकी नजर आणि कष्टाची तयारी असलेले लोक विरळा. तरीही त्या कामाला सीमा उरली नाही, कारण संपूर्ण शहर मावेल एवढे मोठे उद्दिष्ट हे छायाचित्रकाराला कुठेच थांबू देत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला चित्रकार एड रुशे आहेत. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकाचे शीर्षक, म्हणजे सव्वीस पेट्रोल पंप, त्यांना छायाचित्रांच्या आधी सुचले होते. सव्वीस म्हणजे सव्वीस. अनेकांना तो विनोद वाटतो आणि थोडासा आहेही; पण त्या आकड्यामुळे प्रत्येक पंपासमोर उभे राहताना 'हे चांगले छायाचित्र आहे का' हा प्रश्नच गळून पडला आणि 'हा सव्विसांपैकी एक आहे का' एवढा एकच प्रश्न उरला.

माझा आग्रह असा : प्रश्न हवा, पण त्याला लागूनच एक कुंपणही हवे. काय टिपणार नाही हे लिहिलेले नसेल तर प्रश्न कितीही सुरेख असला तरी त्याचा स्मिथ यांचा पिट्सबर्ग होतो.

निगेटिव्ह

निवडीबद्दलचा मुद्दा मान्य. तरी दोनेक महिने तरी मुलीला मोकळे फिरू द्या.

कोरी चौकट

मुलगी म्हटल्याबद्दल आभार, माझे वय सत्तेचाळीस आहे.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून गेले तीन दिवस मी कॅमेऱ्याला हात न लावता फक्त वस्तूंकडे पाहते आहे. एक गोष्ट जाणवली. काही दुरुस्त्या स्वतःला लपवतात आणि काही लपवत नाहीत. रफू उत्तम तेव्हाच म्हणतात, जेव्हा ते दिसत नाही. याउलट चष्म्याच्या दांडीवरची तार लपूच शकत नाही, आणि ज्याने ती गुंडाळली त्याला त्याची फिकीरही नाही. मग तिसरा प्रकार आठवला, जपानमधल्या किन्त्सुगीचा, ज्यात फुटलेले भांडे लाखेने सांधतात आणि सांध्यावर सोन्याची पूड देतात, म्हणजे तडा मुद्दाम मिरवला जातो. किन्त्सुगीची छायाचित्रे आधीच इतकी झाली आहेत की मला ती या प्रकल्पात नको आहेत, पण त्यामुळे प्रश्न हाती आला असे वाटते : दुरुस्ती करणाऱ्याला ती दिसावी असे वाटत होते की दिसू नये असे वाटत होते, आणि हे केवळ वस्तूकडे पाहून छायाचित्रात कळू शकते का?

मांजराची कसोटी लावून पाहिली. मांजराला हा प्रश्न विचारता येत नाही.

तिपाई

उत्तम. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही 'छायाचित्रात कळू शकते का' असे जोडले आहे, तो भाग कुणाच्याही सांगण्यावरून काढू नका. त्यामुळे हा प्रश्न वस्तूंसोबत माध्यमालाही लागू होतो आणि उत्तर 'नाही' असे येण्याची शक्यता उघडी राहते. ज्या प्रकल्पाला फसण्याची मुभाच नाही त्यात पाहण्यासारखे काही सापडणे कठीण.

ओली फिल्म

मी तांत्रिक बाजूने लिहितो, कारण इतका वेळ ज्याला 'प्रकाशयोजना शिकणे' म्हटले जात होते त्याला आता नेमका अर्थ आला आहे.

बेर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून पुढे कित्येक दशके पाण्याचे मनोरे, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे अशा औद्योगिक बांधकामांची छायाचित्रे काढली. ढगाळ आकाश, सावल्या जवळजवळ नाहीत, वस्तू मधोमध, मोठ्या आकाराची फिल्म, आणि शेवटी एका प्रकारची अनेक छायाचित्रे जाळीसारखी शेजारी शेजारी मांडलेली. ढगाळ दिवसाची वाट पाहण्यामागे हवामानाची आवड नव्हती. एका मनोऱ्याची दुसऱ्याशी तुलना करायची तर प्रकाश, अंतर आणि कोन हे तिन्ही घटक सारखे हवेत; ते सारखे राहिले की जो फरक दिसतो तो फक्त मनोऱ्यांमधला असतो. प्रश्नाने प्रकाश ठरवला, तो असा.

तुमचा प्रश्न मात्र बेखर यांच्या प्रश्नाहून वेगळा आहे, त्यामुळे त्यांचा प्रकाश उचलून चालणार नाही. सांधा लपवला आहे का हे तपासायचे तर पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, कडेने सरपटत येणारा प्रकाश हवा, कारण त्यात केसाएवढा उंचवटाही सावली टाकतो आणि उत्तमातले उत्तम रफू उघडे पडते. खिडकीतल्या मऊ, पसरट प्रकाशात तोच सांधा विरून जातो आणि वस्तू तिच्या मालकाला रोज जशी दिसते तशी दिसते. म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक वस्तूची जोडी करा : एक छायाचित्र हातभर अंतरावरून मऊ प्रकाशात, दुसरे अगदी जवळून कडेच्या प्रकाशात. पहिले माणसाचे पाहणे, दुसरे संशयाचे पाहणे. दोहोंत जितके अंतर पडेल, तितकी ती दुरुस्ती लपू पाहत होती.

साधनांचा पसारा लागत नाही. एक तिपाई, एक साधी विजेरी, आणि वस्तूच्या विरुद्ध बाजूला सावली थोडी उजळायला पांढरा पुठ्ठा. ५० मिमीच्या सर्वसाधारण लेन्सला साधारण ४५ सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही, त्यामुळे दुसऱ्या छायाचित्रासाठी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपणारी) किंवा एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांमध्ये बसवायची पोकळ नळी) वापरा. लेन्सचे छिद्र एफ/८ ते एफ/११ च्या पलीकडे, म्हणजे त्याहून लहान, विनाकारण करू नका. जवळच्या अंतरावर विवर्तनाने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, बारीक तपशील मऊ पडू लागतो, आणि रफूच्या धाग्यांत तोच तर हवा आहे. श्वेतसंतुलन (प्रकाशानुसार रंग जुळवणारी कॅमेऱ्यातली मांडणी) एकदा ठरवून कायम ठेवा, नाहीतर जुने लाकूड आणि नवे लाकूड यांतला रंगाचा फरक खरा की कॅमेऱ्याचा, हे नंतर कळणार नाही.

पाचवी खिडकी

जोडीची कल्पना आवडली, पण एक शंका नोंदवते. या वस्तू कुणाच्या तरी आहेत. दुरुस्ती लपवणाऱ्या माणसाला ती लपवावीशी वाटली त्याला बहुतेकदा कारण असते, आणि ते कारण अनेकदा संकोच हेच असते. ओली फिल्म ज्याला संशयाचे पाहणे म्हणतात, ते एखाद्याच्या सदऱ्यावर रोखले की छायाचित्रकार तपासनीस होतो. मी स्वतः एका नातेवाइकांच्या घरातल्या जुन्या वस्तू टिपल्या होत्या. छायाचित्रे पाहून त्या काकू एवढेच म्हणाल्या, 'आमच्याकडे चांगल्या वस्तूही आहेत गं.' ती मालिका मी कुणालाच दाखवली नाही.

त्यामुळे उद्दिष्टांत मालकाचीही जागा असावी. दोन्ही छायाचित्रे आधी त्याला दाखवायची, आणि दुसरे नको असेल तर जोडीतली ती जागा रिकामी ठेवायची.

जुळारी

रिकामी जागा! पुस्तकाच्या मांडणीत डावे पान छापलेले आणि उजवे कोरे, हे किती बोलके होईल याचा विचार करा. पाचवी खिडकी यांनी नीतीचा मुद्दा म्हणून जे सांगितले तेच मूळ प्रश्नाचे एक उत्तरही आहे. माणसाला दुरुस्ती दिसू नये असे वाटते, हे कोऱ्या पानाइतके स्पष्ट कोणतेच छायाचित्र सांगणार नाही.

आता संख्येबद्दल आणि छाटणीबद्दल थोडे. संख्या ठरवा आणि ती लहान ठेवा; चोवीस जोड्या पुष्कळ झाल्या. छाटणी मात्र काढल्या काढल्या करू नका. छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड फिल्म काढल्यावर ती धुण्याआधी मुद्दाम बराच काळ जाऊ देत, कारण टिपतानाचा आनंद छायाचित्राच्या गुणात मिसळतो आणि निवडीत घोटाळा करतो, असा त्यांचा अनुभव होता. हा उपाय त्यांनी जरा जास्तच ताणला असेही म्हणता येईल. १९८४ मध्ये ते गेले तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुतलेले राहिले होते. तुम्ही सहा आठवड्यांचे अंतर ठेवा. छोट्या प्रती छापा आणि जमिनीवर पसरा. पडद्यावर एका वेळी एकच छायाचित्र भाव खाऊन जाते, जमिनीवर त्याला शेजाऱ्यांशी पटवून घ्यावे लागते.

निगेटिव्ह

माझा विरोध आता बराच मावळला आहे, तरी एक विनंती. हे सगळे पहिल्याच दिवशी दगडावर कोरू नका. छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी १९७५ मध्ये आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचे एकत्र छायाचित्र काढले, तेव्हा ती मालिका नव्हतीच. पुढच्या वर्षी त्याच क्रमाने उभे करून दुसरे काढले, आणि दरवर्षी एक, क्रम तोच, हा नियम त्यातून पुढे आला. २०१४ मध्ये ४० वर्षांची ४० छायाचित्रे न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एकत्र लागली. नियम इतका पक्का ठरला याचे कारण तो दोन छायाचित्रांच्या अनुभवानंतर आला, असे मला वाटते. धागालेखिकेने आधी पाच-सहा जोड्या कराव्यात आणि मग उद्दिष्टे पुन्हा लिहावीत.

तिपाई

निगेटिव्ह यांच्याशी मी सहमत होत आहे याची मंडळाने नोंद घ्यावी. फक्त एवढी पुस्ती जोडतो की उद्दिष्ट बदलण्याचा दिवस आधी ठरवून ठेवा. एखादी वस्तू मनासारखी टिपता आली नाही त्या संध्याकाळी उद्दिष्ट बदलणे म्हणजे बाण रोवून मग त्याभोवती वर्तुळ काढणे होय.

कोरी चौकट

नऊ आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. या काळात अकरा वस्तू टिपल्या. आठवड्याला पाचचा हिशेब मी पहिल्याच आठवड्यात सोडून दिला. एका जोडीला कधी एक तास लागला, कधी तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या सहा वस्तूंच्या प्रती सहा आठवड्यांनंतर, ठरल्या दिवशी, जमिनीवर पसरल्या.

जे दिसले ते अपेक्षेहून वेगळे होते. कडेच्या प्रकाशात सगळ्याच दुरुस्त्या उघड्या पडतात, त्यामुळे लपवलेली कोणती आणि न लपवलेली कोणती हे दुसऱ्या छायाचित्रावरून मुळीच कळत नाही. ते पहिल्यावरूनच कळते, आणि तेही वस्तू कोणत्या बाजूने ठेवली आहे यावरून. चिकटवलेला कप मालकाने माझ्यासमोर ठेवला तेव्हा तडा भिंतीकडे होता. खुर्चीचा नवा पाय कोपऱ्यात होता. मी वस्तू 'नीट दिसावी' म्हणून फिरवून ठेवत होते आणि त्या फिरवण्यातच माझ्या प्रश्नाचे उत्तर पुसून टाकत होते. सहापैकी चार जोड्या त्यामुळे बाद झाल्या.

दोघांनी दुसरे छायाचित्र नको म्हटले. एकीने आधी नको म्हटले आणि आठवड्याने स्वतः फोन करून चालेल असे सांगितले. का, ते मी विचारले नाही.

उद्दिष्टे आता अशी लिहिली आहेत :

प्रश्न : दुरुस्त केलेली वस्तू माणसे कोणत्या बाजूने जगासमोर ठेवतात? कुंपण : किन्त्सुगी नाही, दुकानात विक्रीला ठेवलेली वस्तू नाही, आणि मी स्वतः दुरुस्त केलेलीही नाही. वस्तू जिथे आणि जशी असेल तिथे आणि तशीच टिपायची. शक्यतो तिला हात लावायचा नाही. पहिले छायाचित्र मालक जिथून तिच्याकडे पाहतो तिथून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, तिथल्याच प्रकाशात. दुसरे कडेच्या प्रकाशात, मालकाच्या संमतीने. संमती नसेल तर पान कोरे. चोवीस जोड्या झाल्या की काम थांबेल. पुढचा बदल करायचा झाल्यास तो बारावी जोडी झाल्यावर, त्याआधी नाही. प्रदर्शनाबद्दल काहीही लिहिलेले नाही.

ओली फिल्म

तिथल्याच प्रकाशात काढायचे तर मंद खोलीत शटर सेकंदाहून अधिक काळ उघडे ठेवावे लागेल. वस्तू हलत नाही, तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) न वाढवता तिपाईवर खुशाल जाऊ द्या. फक्त सेल्फ-टायमर लावा आणि तिपाईवर असताना लेन्सचे स्थिरीकरण (हाताचा कंप भरून काढणारी सोय) बंद करा.

पाचवी खिडकी

ज्या चार जोड्या बाद झाल्या त्या फेकून देऊ नका. त्यांच्या मालकांकडे पुन्हा जा आणि वस्तू आता कोणत्या बाजूने ठेवली आहे ते पाहा.

तिपाई

कुंपणानंतरच्या वाक्यातला 'शक्यतो' काढा.

कोरी चौकट

काढला.